‘यादृच्छिक’मध्ये ‘इच्छा’ नाही

प्रश्न असा आला आहे : मतचाचणीच्या बातमीत ‘नमुना-त्रुटी अधिक-उणे 3 टक्के’ असे छापलेले असते. त्रुटी म्हणजे चूक असेल, तर ती ठाऊक असूनही दुरुस्त का केली जात नाही, आणि या शब्दाऐवजी दुसरा शब्द वापरावा का?

ही कोणाचीही चूक नसते. संपूर्ण समूहाऐवजी त्यातील 1000 जणांनाच विचारले, तर हाती येणारा आकडा समूहाच्या खऱ्या आकड्याच्या थोडा अलीकडे किंवा पलीकडे पडतो. दुसरे 1000 जण निवडले गेले असते, तर तो आणखी वेगळा आला असता. प्रश्न निर्दोष असले, उत्तरे प्रामाणिक असली आणि बेरीज अचूक असली, तरी हे अंतर राहतेच. ‘त्रुटी’ हा शब्द ‘त्रुट्’ म्हणजे तुटणे या धातूपासून आला आहे आणि तूट, तोटा ही त्याचीच भावंडे आहेत, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्या शब्दात दोषारोप मुळात नाही, उणीव आहे.

मात्र ही त्रुटी मोजता का येते, याचे उत्तर ‘यादृच्छिक’ या दुसऱ्याच शब्दात आहे, आणि नेमक्या त्या शब्दाचा अर्थ व्याख्यानांतून आणि अभ्यास-मार्गदर्शिकांतून सर्रास चुकीचा सांगितला जातो. ‘यादृच्छिक निवड म्हणजे मनाला येईल तशी, आपल्या इच्छेप्रमाणे केलेली निवड’ हे वाक्य इतक्यांदा कानांवर पडते, की त्याचा प्रतिवाद सविस्तर करणे मला आवश्यक वाटते.

‘यादृच्छिक’ हे ‘यदृच्छा’चे विशेषण आहे. ‘यद्’ आणि ‘इच्छा’ यांचा संधी केला, तर ‘यदिच्छा’ होईल. त्यातून ‘ऋ’ निघण्याचा मार्गच नाही. इच्छेप्रमाणे या अर्थाचा आपला शब्द ‘यथेच्छ’ आहे. ‘यदृच्छा’मध्ये आहे तो ‘ऋ’ धातू, म्हणजे जाणे, पोहोचणे, येऊन ठेपणे. संस्कृतात ‘इष्’चे वर्तमानकाळी रूप ‘इच्छति’ होते, तसे ‘ऋ’चे ‘ऋच्छति’ होते. दोन्हींत ‘च्छ’ ऐकू येतो आणि त्या एका साम्यावर ही सगळी गफलत उभी आहे. यदृच्छा म्हणजे जे आपसूक येऊन पोहोचते ते, कोणी मागितले म्हणून आलेले नव्हे.

यावर कोणी अमरसिंहाचा जुना संस्कृत शब्दकोश, म्हणजे अमरकोश, पुढे करील. त्यात ‘यदृच्छा स्वैरिता’ असे स्पष्ट म्हटले आहे आणि पुढच्या अनेक कोशकारांनी ‘स्वच्छंद’ हा अर्थ तिथूनच पुढे चालवला आहे. अमरसिंहाबद्दल पूर्ण आदर राखूनही मला हा अर्थ दुय्यम वाटतो. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाच्या कारणांचा विचार करताना ‘कालः स्वभावो नियतिर्यदृच्छा’ अशी मालिका येते. तिथे यदृच्छा ही नियतीच्या शेजारी, तिच्याहून वेगळी कल्पना म्हणून उभी आहे आणि ती कोणाचीही मर्जी नाही. गीतेत (2.32) कृष्ण अर्जुनाला सांगतो की हे युद्ध ‘यदृच्छया’ समोर आले आहे. त्या क्षणी अर्जुनाला युद्धाची इच्छा मुळीच नाही; ‘इच्छेप्रमाणे आलेले’ असा अर्थ तिथे लावून पाहावा, म्हणजे श्लोकच कोसळतो. मराठीतही ‘यदृच्छया भेट झाली’ असे आपण म्हणतो, तेव्हा भेट ठरवलेली नव्हती, हेच सांगायचे असते. इतके पुरावे समोर असताना कोशातील एका पर्यायाला धरून विद्यार्थ्यांना उलटा अर्थ शिकवणे अक्षम्य आहे.

संख्याशास्त्रात हा भेद जीवनमरणाचा आहे. निवडणाऱ्याची इच्छा जिथे शिरते, तिथे निवड यादृच्छिक राहत नाही. माणसाला मनाने अंक सुचवायला सांगितले, तर तो एकच अंक लागोपाठ देण्याचे टाळतो. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी 1927 मध्ये 41,600 अंकांची यादृच्छिक सारणी छापली आणि तिच्यासाठी स्वतःच्या मनातले अंक न घेता जनगणनेच्या अहवालांतील क्षेत्रफळांच्या आकड्यांतून अंक घेतले. 1936 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका पाठवल्या. त्यांतील 20 लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन विजयी होणार असे जाहीर झाले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. पत्ते मुख्यतः दूरध्वनीच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, म्हणजे तुलनेने सुस्थितीतील लोक अधिक आले, आणि त्यांतही ज्यांना उत्तर पाठवण्याची इच्छा झाली त्यांचीच मते मोजली गेली. नमुना प्रचंड होता, पण त्यात यदृच्छा नव्हती. अशा दोषाला पक्षपात म्हणतात. तो नमुना-त्रुटीत धरला जात नाही आणि नमुना वाढवून जातही नाही.

यदृच्छा मात्र पाळली, म्हणजे प्रत्येकाची निवड होण्याची संभाव्यता आधीपासून ठाऊक असली, तर अज्ञात समूहाविषयी किती खात्रीने बोलता येईल, हे गणिताने सांगता येते. साध्या यादृच्छिक निवडीने घेतलेल्या 1000 जणांपैकी निम्म्यांनी ‘होय’ म्हटले, तर प्रमाण-त्रुटी, म्हणजे एका नमुन्यापासून दुसऱ्यापर्यंत आकडा साधारणपणे किती हलतो त्याचे माप, सुमारे 1.6 टक्के येते आणि तिची 1.96 पट (95 टक्के विश्वासपातळीसाठी हाच गुणक घेतात) म्हणजे बातमीतले ते 3 टक्के. ती निम्मी करायची, तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट म्हणजे 4000 करावा लागतो. मूळ समूह एक कोटीचा आहे की शंभर कोटींचा, याने मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही, ही गोष्ट अनेक सुशिक्षितांनाही पटत नाही.

याच पद्धतीने वारंवार नमुने घेऊन प्रत्येक वेळी ‘हाती आलेला आकडा अधिक-उणे त्रुटी’ असा पट्टा, म्हणजे अंतराल, काढला, तर 100 पैकी सुमारे 95 अंतरालांत खरा आकडा सापडेल, इतकेच ‘95 टक्के विश्वासपातळी’चे म्हणणे आहे. हाती असलेल्या एका अंतरालाविषयी ती तशी हमी देत नाही. शिवाय ते 3 टक्के एका उमेदवाराच्या मतांचे असतात. एकाला 48 आणि दुसऱ्याला 45 टक्के मिळाले, तर दोघांमधील फरकाची त्रुटी अधिक-उणे सुमारे 6 टक्के होते, त्यामुळे त्या 3 टक्क्यांच्या आघाडीवरून विजेता घोषित करणे निराधार आहे.

राहिला पर्यायी शब्दाचा प्रश्न. ‘त्रुटी’विषयी माझी तक्रार चूक या अर्थाची नाही, तूट या अर्थाची आहे : तूट एकाच बाजूला पडते, आणि नमुन्याचा आकडा खऱ्या आकड्याच्या खाली जितका पडू शकतो तितकाच वरही पडू शकतो. म्हणून सर्वसामान्य वाचकासाठी मी ‘नमुना-तफावत’ सुचवतो. ‘तफावत’ अरबीतून आला आहे आणि त्याची घडण मुळातच परस्परभाव दाखवणारी आहे. दोन गोष्टींमधील अंतर तो सांगतो, कोण उणा हे ठरवत नाही. पाठ्यपुस्तकांत ‘त्रुटी’ रूढ झाली आहे, ती तिथे राहू द्यावी. बातमीत ‘1000 जणांचा यादृच्छिक नमुना, 95 टक्के विश्वासपातळीवर नमुना-तफावत अधिक-उणे 3 टक्के’ असे लिहावे, आणि नमुना यादृच्छिक नसेल, तर तो 3 टक्क्यांचा आकडा छापूच नये.