क्रोमियम २+ हा लोह २+ पेक्षा प्रबळ क्षपणक का?

तुमची शंका थोडक्यात अशी: लोह २+ ने (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाच्या आयनाने) आणखी एक इलेक्ट्रॉन दिला की डी-६ चा डी-५ होतो, म्हणजे डी उपकवचात सहाऐवजी पाच इलेक्ट्रॉन उरतात आणि दहा जागांचे ते उपकवच बरोबर अर्धे भरलेले राहते. क्रोमियम २+ चा मात्र डी-४ वरून डी-३ होतो. मग इलेक्ट्रॉन द्यायला लोहच जास्त उत्सुक हवे, तरी पुस्तक क्रोमियमला प्रबळ क्षपणक, म्हणजे दुसऱ्याला इलेक्ट्रॉन सहज देणारा, का म्हणते?

पुस्तकाचे बरोबर आहे, आणि तुमची शंकाही रास्त आहे. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. नुसते पाठ न करता विचार करणारी मुले दरवर्षी नेमकी इथेच अडतात.

आधी आकडे बघा. क्रोमियम ३+ चा २+ होण्याचे प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ ठरावीक परिस्थितीत व्होल्टमध्ये मोजलेली) −०.४१ व्होल्ट, तर लोहाचे +०.७७ व्होल्ट. विभव जितके ऋण, तितकी २+ आयनाची इलेक्ट्रॉन देऊन टाकण्याची ओढ जास्त. दोघांत १.१८ व्होल्टचे अंतर आहे, म्हणजे मोलमागे सुमारे ११४ किलोज्यूल.

आता तिसरी आयनीभवन ऊर्जा, म्हणजे २+ आयनातून आणखी एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, पाहा. क्रोमियमची मोलमागे २९८७ किलोज्यूल, लोहाची २९५७. म्हणजे वायुरूपात, आजूबाजूला कोणी नसताना, लोह २+ खरोखरच थोड्या कमी ऊर्जेत इलेक्ट्रॉन सोडतो. तुमचा तर्क तिथे तंतोतंत लागू पडतो! पण प्रमाण विभव मोजतात ते पाण्यात, आणि पाण्यात गेल्यावर तीस किलोज्यूलची ही आघाडी पुसून क्रोमियम ११४ ने पुढे जातो. ही सगळी उलथापालथ पाण्याच्या रेणूंची.

पाण्यात प्रत्येक आयनाभोवती सहा रेणू अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर बसतात. त्यामुळे पाच डी कक्षकांचे (प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन मावणाऱ्या जागांचे) दोन गट पडतात: खालच्या पातळीवर तीन, वर दोन. वरचे दोन थेट पाण्याच्या रेणूंकडे तोंड करून असतात, म्हणून तिथल्या इलेक्ट्रॉनला प्रतिकर्षण जास्त. क्रोमियम २+ चे तीन इलेक्ट्रॉन खाली आणि चौथा वर, त्या अडचणीच्या जागी. तो चौथा निघून गेला की खालचे तीन कक्षक एकेका इलेक्ट्रॉनने अर्धे भरलेले उरतात. म्हणजे अर्धे भरण्याचा फायदा क्रोमियमलाही मिळतो, फक्त पाचांऐवजी तीन कक्षकांत. शिवाय ३+ प्रभार पाण्याच्या रेणूंना आणखी जवळ ओढतो, त्यामुळे दोन गटांतली दरीही वाढते.

लोह २+ मधून जातो तो खालच्या गटातल्या जोडीतला एक. जोडी सुटल्याचा फायदा होतो हे खरे, पण खालच्या पातळीवरचा एक इलेक्ट्रॉन गेल्याने पाण्यामुळे मिळालेले स्थैर्य संपते. डी-५ मध्ये खाली तीन आणि वर दोन, म्हणजे पाण्याच्या रेणूंनी पाडलेल्या या दोन गटांमुळे होणारा फायदा शून्य.

हे हाताने करून बघण्यासारखे आहे. हिरव्या क्रोमिक क्लोराइडच्या द्रावणात जस्ताची पूड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालून, हवा लागू न देता थांबलात तर सुंदर निळा रंग येतो. तो क्रोमियम २+. झाकण काढून थोडे हलवा, हवेतला ऑक्सिजन त्याला बघता बघता पुन्हा हिरवा करतो. त्याच टेबलावर मोहर मिठाचे (लोह २+ असलेल्या क्षाराचे) आम्लयुक्त द्रावण तासभर फिकट हिरवेच राहते.

मँगनीज ३+ सुद्धा डी-४ च आहे, पण तो उलट इलेक्ट्रॉन ओढून घेतो. त्याचे विभव +१.५ व्होल्टच्या आसपास. त्याला डी-५ गाठायचे असते. म्हणून नुसती डी ची संख्या पाहून निकाल देऊ नका. कोण कुठून निघाला, कुठे पोहोचला आणि त्याच्याभोवती काय आहे, हे तिन्ही बघा. भोवतालचे महत्त्व कळायला त्याच मोहर मिठाच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड टाका. मळकट हिरवा साका पडतो आणि हवेला लागलेला त्याचा पृष्ठभाग तपकिरी होऊ लागतो. आम्लात शांत असलेला लोह २+ अल्कलीत चांगलाच प्रबळ क्षपणक होतो.