पानावरून उठा, बाहेर विचारा

प्रश्न : मी आठवी-नववीला शिकवते. प्रकल्पासाठी माहिती शोधायला सांगितली की मुलं पहिलं जे पान उघडेल तेच उतरवून आणतात. म्हणून मी एक तक्ता करून दिला : लेखकाचं नाव आहे का, तारीख आहे का, संपर्काचा पत्ता आहे का, शुद्धलेखन नीट आहे का. आता मुलं भराभर बरोबरच्या खुणा करून मोकळी होतात. विकिपीडिया आणि एआय वापरू द्यावं की नाही, हेही ठरत नाही. त्यातच एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग पुस्तकातलं तरी खरं कशावरून?" तिला काय सांगू?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, मुलांना दोष देऊ नका. तो तक्ता मात्र बाजूला ठेवा. मी शाळेच्या ग्रंथालयात बरीच वर्षं काम केलं आहे आणि असे तक्ते भिंतीवर लावलेलेही पाहिले आहेत. त्यांनी मुलं त्याच पानाकडे अधिक निरखून बघायला शिकतात, आणि फसवायला बसलेला माणूस नेमकं तेवढंच नीट सजवतो.

1998 सालापासून इंटरनेटवर झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची एक वेबसाइट आहे. हा प्राणी अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलात राहतो, नामशेष व्हायला आलाय, त्याला वाचवा, असं तिथे अगदी गंभीरपणे लिहिलेलं आहे. प्राणी साफ काल्पनिक. पण शास्त्रीय नाव आहे, फोटो आहेत, भाषा चोख आहे. तुमच्या तक्त्यातून ती सहज पार पडेल. कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी सातवीच्या मुलांना ही वेबसाइट दाखवली, तेव्हा बहुतेकांना ती विश्वासार्ह वाटली.

मग काय शिकवायचं? स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना एकाच कामाला बसवलं : अनोळखी वेबसाइट दिली, ती भरवशाची आहे का सांगा. विद्यार्थी आणि कित्येक इतिहासकारही पानावरच रेंगाळले, वरून खाली वाचत राहिले. तपासनीस मात्र काही सेकंदांतच तिथून बाहेर पडले, नवे टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते आधी पाहून आले. कमी वाचूनही त्यांचा निर्णय जास्त बरोबर आला. मुलांना ही एवढी सवय लावता आली तरी मला पुष्कळ वाटेल.

यासाठी एक पूर्ण तास काढा आणि एकच दावा घ्या. मला आवडणारा दावा हा : "चीनची भिंत चंद्रावरून दिसते." आधी विचारा, पाहिली कोणी? मुलं शोधू लागतील. त्यांच्या लक्षात येईल की हे वाक्य 1930च्या दशकातही छापलं गेलं होतं, आणि माणूस चंद्रावर उतरला 1969 साली. म्हणजे लिहिणाऱ्याने पाहिलेलंच नव्हतं! चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई 2003 साली पृथ्वीच्या कक्षेतून परत आले, तेव्हा आपल्याला भिंत दिसली नाही असं त्यांनीच सांगितलं. चंद्र तर कितीतरी लांब. मग फळ्यावर हिशेब मांडा. चंद्र सुमारे 3,84,000 किलोमीटर दूर. साध्या डोळ्याला अंतराच्या साधारण तीन हजाराव्या भागाएवढी वस्तू वेगळी ओळखता येते, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर रुंद. बारीक रेष थोडी लवकर दिसते हे धरलं, तरी भिंतीची रुंदी जेमतेम काही मीटर! हे गणित मुलांनी स्वतःच्या हाताने करावं अशी माझी फार इच्छा आहे. दुसऱ्याने "खोटं आहे" म्हणून सांगणं आणि आपण शोधून काढणं यांत खूप फरक पडतो.

विकिपीडियाला बंदी नको. सुरुवात तिथून करू द्या, पण लेखाच्या तळाशी दिलेल्या संदर्भांपर्यंत जायला लावा आणि वहीत त्या मूळ संदर्भाचं नाव लिहायला सांगा. एआयच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. ते अस्तित्वातच नसलेले संदर्भ तितक्याच ठाम भाषेत देतं. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी त्याच्या भरवशावर कधीच न झालेल्या खटल्यांचे दाखले न्यायालयात दिले आणि 5,000 डॉलरचा दंड ओढवून घेतला. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ मुलांनी स्वतः उघडून पाहावा. उघडला नाही तर वहीत तो धरायचा नाही.

आता त्या मुलीबद्दल. तिला गप्प करू नका, तिने वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न विचारलाय. पुस्तकही चुकतं, हे तिला सरळ सांगा. पण त्यावर लिहिणाऱ्यांची नावं असतात, चूक कोणाला कळवायची ते ठाऊक असतं आणि पुढच्या आवृत्तीत ती सुधारता येते. 2006 साली खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ग्रहाची व्याख्या ठरवली, प्लूटो त्यातून बाहेर पडला आणि पाठ्यपुस्तकांतले नऊ ग्रह आठ झाले. हे कसं घडलं, कोणी ठरवलं, कोणाचा विरोध होता, हे तिलाच शोधायला सांगा आणि वर्गासमोर मांडू द्या. मला काळजी वाटते ती "सगळेच खोटं बोलतात" म्हणून शोधणंच सोडून देणाऱ्या मुलांची. ही मुलगी अजून विचारते आहे.

गुणांचं म्हणाल, तर प्रकल्पाचे निम्मे गुण शोधाच्या वाटेला द्या : आधी कुठे गेलो, तिथून कुठे, काय सोडून दिलं आणि का. हे अर्ध्या पानात, स्वतःच्या शब्दांत.