बोरगाव नव्हे, बोर्गेन

डिसेंबरच्या अंकात मी ‘बोर्गेन’ या डॅनिश मालिकेवर सहज चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की अकरावीला कुठली शाखा घेऊ असं विचारणाऱ्या मुलांना या महिन्यात थांबावं लागेल. त्यांच्या प्रवेशाला अवकाश आहे, आणि हे पत्रलेखक तर भांडायलाच बसलेत.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘डीआर’ ही डेन्मार्कची सार्वजनिक वाहिनी, आपल्या दूरदर्शनसारखी म्हणा. तिच्यावर २०१० ते २०१३ या काळात ‘बोर्गेन’ची तीन पर्वं झाली, प्रत्येकी दहा भागांची. नऊ वर्षांच्या खंडानंतर २०२२मध्ये आठ भागांचं चौथं पर्व आलं. आपल्याला ते जूनमध्ये नेटफ्लिक्सवर दिसलं. बिर्गिट न्यूबोर्ग ही नायिका (काम केलंय सिडसे बाबेट क्नुडसेन यांनी) पहिल्या पर्वात देशाची पंतप्रधान होते. चौथ्यात ती परराष्ट्रमंत्री आहे, डेन्मार्कच्या राज्यातल्या ग्रीनलँड बेटावर तेल सापडलंय आणि बाईंची झोप उडालीय.

मॅडम, पहिली तीन पर्वं आम्ही दोघांनी कोरोनाच्या काळात झपाटल्यासारखी पाहिली. चौथं पाहून मात्र डोकं फिरलं. आमची बिर्गिट अशी नव्हती. ही पलटी मारते, लपवाछपवी करते, पोराशी भांडते. लिहिणाऱ्यांनी तिला काहून बिघडवलं?
(निवृत्त बँक अधिकारी, धरमपेठ)

साहेब, सगळ्यात जास्त पत्रं याच तक्रारीची आहेत. ‘आमची बिर्गिट’ हा शब्दही जवळजवळ प्रत्येकात आहे, जणू ती त्रिमूर्तीनगरात दिलेली लेक आहे.

तुमचा राग मला कळतो. पहिल्या पर्वाची सुरुवात आठवा. पंतप्रधानाने बायकोची पर्स सरकारी कार्डावर घेतली, त्याची पावती निवडणुकीच्या तोंडावर बिर्गिटच्या हातात येते. ती वापरायला ती साफ नकार देते. तिचा सल्लागार कास्पर ती पावती परस्पर लाउगेसन नावाच्या प्रतिस्पर्धी नेत्याला पोचवतो, तर ती कास्परला कामावरून काढते. तिथेच आपण तिच्या प्रेमात पडलो. आता चौथ्या पर्वात बाई आपली प्रतिमा सावरायला सल्लागार म्हणून कोणाला बोलावते? त्याच लाउगेसनला! ज्याने ती पावती वापरली, पुढे वर्तमानपत्राचा संपादक होऊन जो तिच्या मागे हात धुऊन लागला, त्याला. मी त्या प्रसंगाला लॅपटॉप बंद करून पाणी प्यायला उठले होते.

पण याला बिघडवणं म्हणायला मी तयार नाही. एक गोष्ट सांगते. आमचे हे सार्वजनिक बांधकाम विभागात होते. अधिवेशन आलं की त्यांची ड्युटी आमदार निवासात: गिझर, नळ, गळणारी छपरं. ते म्हणायचे, कोणाची खुर्ची आहे आणि कोणाची गेली हे पेपर न वाचताही कळतं. खुर्ची असली की गिझरची तक्रार पीए करतो, गेली की माणूस स्वतः फोन करतो, आणि दुप्पट रागात करतो. बिर्गिटचं तेच झालंय. देश चालवलेली बाई आता वयाने लहान असलेल्या पंतप्रधान सिग्ने क्राग यांच्या दारात निर्णयासाठी ताटकळते. आपल्याकडे हे नवं नाही. शंकरराव चव्हाण १९७७पर्यंत मुख्यमंत्री होते आणि १९७८मध्ये पवारांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. फडणवीस तर आपल्याच नागपूरचे, २०२२च्या जूनमध्ये माजी मुख्यमंत्री असून उपमुख्यमंत्री झाले. या माणसांच्या मनात काय चालत असेल ते आपल्याला कधी कळणार नाही. बिर्गिटच्या मनातलं मात्र आठ तास पाहायला मिळतं.

दुसरं असं की पूर्वी तिला अडवायला माणसं होती. घरी नवरा होता, तोंडावर बोलायचा. लग्न मोडलं ते पहिल्याच पर्वात. कास्पर या पर्वात नाहीच. मुलं मोठी झाली, आपापल्या मार्गाला लागली. आता ती रात्री घरी येते, दिवा लावते आणि फोन बघते. तेलाला तिचा विरोध असतो, पक्षाचं धोरणही पर्यावरणाच्या बाजूचं. वारं फिरलेलं दिसतं तशी तीही फिरते, आणि त्या वेळी ‘अगं, काय करून राहिली तू?’ असं विचारणारं शेजारच्या खोलीत कोणी नसतं. मुलगा मागनुस विचारतो, पण तोवर उशीर झालेला असतो. शिवाय तो स्वतः ट्रकमधली डुकरं सोडून देणारा कार्यकर्ता, त्याचं कोण ऐकतो.

माझंच सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मी उंटावरून शेळ्या हाकते. एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तीन वर्षं प्रभारी प्राचार्य होते. त्याआधी वीस वर्षं मी टिनाच्या शेडमधल्या दुपारच्या वर्गांविरुद्ध भांडत आले. जूनच्या उकाड्यात पोरं तिथे अक्षरशः वाळायची. खुर्चीवर बसल्यावर पहिल्याच वर्षी खोल्या कमी पडल्या, आणि त्याच शेडमधल्या दुपारच्या तुकडीच्या कागदावर मी सही केली. कारणं माझ्याकडे चांगली होती. मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबायला लागलं, ते मात्र मला दिवाळीपर्यंत कळलं नाही.

तेव्हा साहेब, पाहायचं तर दुसऱ्यांदा पाहा. तिच्याकडे कमी बघा आणि तिच्याशी बोलताना समोरचे कसे गप्प होत जातात ते बघा.

मॅडम, एमपीएससीची तयारी करून राहिले. मालिकेत सारखं ९०-९० चालतं, ते काय? आणि तिथले आमदार गुवाहाटीला काहून जात नाहीत?
(विद्यार्थिनी, प्रतापनगर)

प्रश्न आवडला. जून २०२२मध्ये आमच्या घरी हेच चाललं होतं. हॉलमध्ये हे बातम्या पाहत होते, आतल्या खोलीत मी बोर्गेन. बाहेरून ओरडले, ‘सुरत सोडली, गुवाहाटीला पोचले!’ मी आतून म्हटलं, इकडे ग्रीनलँडला पोचले.

डेन्मार्कच्या संसदेत, फोल्केटिंगमध्ये, १७९ जागा आहेत. त्यातल्या १७५ मुख्य देशाच्या, दोन फेरो बेटांच्या, दोन ग्रीनलँडच्या. म्हणून बहुमत ९०, जसं आपलं २८८पैकी १४५. पण खरी गंमत पुढे आहे. तिथे सरकारला बहुमत सिद्ध करावं लागत नाही, आपल्याविरुद्ध बहुमत एकवटणार नाही एवढंच सांभाळावं लागतं. दोन टक्के मतं मिळाली तरी पक्षाला संसदेत जागा मिळते, त्यामुळे पक्ष ढीगभर. शंभरहून अधिक वर्षांत एकाही पक्षाला एकट्याच्या बळावर बहुमत मिळालेलं नाही. म्हणून मालिकेत मारामारी कमी आणि टेबलाभोवती बसून कॉफी पिणं जास्त.

गुवाहाटीचं म्हणशील तर आपल्याकडे १९८५ची ५२वी घटनादुरुस्ती, दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी आहे. (हे परीक्षेला येतं, लिहून ठेव.) पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. एकतृतीयांश फुटीची पळवाट २००३च्या ९१व्या दुरुस्तीने बंद केली, आता दोनतृतीयांश सदस्य आणि दुसऱ्या पक्षात विलीनीकरण लागतं. म्हणून आकडा जमेपर्यंत माणसं एका छताखाली ठेवावी लागतात, मग ते छत हॉटेलचं का असेना. डेन्मार्कच्या घटनेचं ५६वं कलम सांगतं की सदस्य फक्त स्वतःच्या विवेकाला बांधील. पक्ष सोडला तरी जागा त्याचीच. मग त्याला विमानात कशाला बसवायचं?

आणखी एक. १ नोव्हेंबर २०२२ला तिथे खरी निवडणूक झाली, सरकार बनवायची बोलणी सहा आठवडे चालली. १५ डिसेंबरला लार्स ल्योके रासमुसेन परराष्ट्रमंत्री झाले. ते माजी पंतप्रधान. त्यांच्या नव्या पक्षाचं नाव मॉडरेट्स. बिर्गिट पंतप्रधान झाली तेव्हा तिच्या पक्षाचं नाव काय होतं, आठवतंय? हेच. चारच दिवसांनी, १९ तारखेला, दोन वर्षं मुंबईत झालेलं हिवाळी अधिवेशन नागपूरला परतलं आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर पुन्हा मोर्चे अडायला लागले. त्या आठवड्यात मला टीव्ही आणि खिडकी यातला फरक कळेनासा झाला होता.

ताई, नाव छापू नका. भर बैठकीत बिर्गिट घामाने भिजते ते पाहून मी रडले. माझं वय ५१. घरी कोणाला सांगायची सोय नाही.
(महाल)

नाव छापत नाही. सांगते, मीही त्या प्रसंगाला थांबले होते. एवढ्या मोठ्या मंत्रीणबाई, बाहेर कोपनहेगनची थंडी, आणि आतून वाफा. मालिकेने पाळी जाण्याचे दिवस ना विनोदासाठी वापरले, ना भाषणासाठी. माझे ते दिवस मे महिन्यात आले. ४५ डिग्रीत कोणाला काय कळणार? सगळ्यांनाच घाम. मी कुलरसमोर बसून ‘ऊन लागलं’ म्हणायचे. तुम्ही तसं करू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, झोप उडत असेल तर तेही सांगा. आणि घरात एकाला तरी सांगाच. मुलगी असेल तर तिच्याबरोबर हाच भाग पाहा, बोलायला आपोआप सुरुवात होईल.

कोराडीच्या वीजकेंद्राची चिमणी आमच्या गच्चीवरून दिसते. वीज इथे, राख इथे, निर्णय मुंबईत. ग्रीनलँड पाहताना विदर्भच आठवला. चूक का?
(कोराडी)

चूक नाही, पण अर्धंच. विदर्भ महाराष्ट्रात यायचं ठरलं त्या १९५३च्या नागपूर कराराची आठवण मलाही झाली. एके काळी राजधानी असलेल्या गावाला वर्षातून एक अधिवेशन, तेही कधी येतं, कधी येत नाही. मात्र ग्रीनलँडचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सातपट आणि वस्ती साधारण ५६ हजार, म्हणजे आपल्या महापालिकेच्या एखाद्या प्रभागाएवढी. त्यांना १९७९ला अंतर्गत कारभार मिळाला, २००९ला जमिनीखालच्या संपत्तीवरही हक्क आला. सार्वमत घेऊन वेगळं व्हायची वाटही कायद्यात आहे. आणि खऱ्या ग्रीनलँडने २०२१मध्येच तेलशोधाचे नवे परवाने बंद केले, चौथं पर्व यायच्या आधी!

माझी तक्रार वेगळी आहे. तिथली माणसं मालिकेत आहेत, काही चांगलीच लक्षात राहतात. पण कॅमेरा कोपनहेगनहून विमानात बसून येतो आणि काम झालं की परत जातो. अधिवेशनाच्या बातम्या करायला मुंबईहून आलेली पोरं तर्री पोह्यांचा फोटो काढून जातात ना, तसा.

‘बोर्गेन’चा उच्चार काय? आमचे शेजारी म्हणतात बोरगाववर सिरीयल आली.
(काटोल रोड)

तुमच्या शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा. डॅनिश लोक अर्धी अक्षरं गिळतात, त्यांच्या तोंडी ते ‘बॉवन’च्या जवळ जातं. अर्थ किल्ला. संसद, पंतप्रधानांचं कार्यालय आणि सर्वोच्च न्यायालय ज्या क्रिस्तियान्सबोर्ग राजवाड्यात आहे, त्याचं हे बोलीतलं नाव. आपण बोर्गेन म्हणू, बोरगाववाल्यांनी राग मानू नये.

इंग्रजी अक्षरं भराभर वाचता येत नाहीत अशा ज्येष्ठांनी कसं पाहावं?
(मानेवाडा)

आमच्याकडे सासूबाई आहेत, वय ८४. जानेवारीच्या थंडीत शेकोटी सोडून त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मी थांबवत थांबवत मराठीत सांगत गेले, एक भाग दोन तास चालायचा. तेलाचं, रशिया-चीनचं त्यांनी सोडून दिलं. पण बिर्गिट रात्री कुलूप उघडून घरात शिरली की दरवेळी मला कोपर मारून विचारायच्या, ‘जेवली का ते बाई?’ पहिले दोन दिवस मी हो म्हटलं. मग त्याच म्हणाल्या, ‘खोटं नको सांगू. ताट कुठं दिसून राहिलं?’