मुलाच्या चष्म्याच्या धंद्यात 15 लाख घालू का?

प्रश्न: वय 61. विनाअनुदानित शाळेतून निवृत्त, पेन्शन नाही. पीएफ-ग्रॅच्युइटीचे 26 लाख एफडीत आहेत. मुलगा आणि त्याचे दोन मित्र दोन वर्षांपासून पुण्यातून ऑनलाइन चष्मे विकतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातच फ्रेम चेहऱ्यावर लावून बघता येते. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. वाढीसाठी 15 लाख मागतात, नाहीतर घर तारण ठेवून दे म्हणतात. देऊ का? – एक वाचक, सांगली

ताई, 15 लाख देऊ नका. घराच्या कागदांना तर हातही लावू देऊ नका. पण तुम्ही पाठवलेला पोरांचा हिशेब वाचून नुसतं 'नाही' म्हणवत नाही.

त्यांच्या कागदावर एका चष्म्यामागे 284 रुपये सुटतात. विक्री 1,800, त्यातून 5 टक्के जीएसटी काढला की 1,714. फ्रेम 350, काचा 400, कुरिअर-पॅकिंग 140, जाहिरात 500, पेमेंट गेटवे 40. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. फक्त शेवटच्या पानाच्या तळाशी लिहिलंय की 100 पैकी 14 चष्मे परत येतात, आणि ते या हिशेबात कुठेच नाही. परत आलेली फ्रेम पुन्हा कपाटात जाते. पण एकाच्या नंबरची घासलेली काच दुसऱ्याच्या काय कामाची? काचेचे 400 गेले, जाहिरातीचे 500 गेले, जातानाचं कुरिअर-पॅकिंग 140 आणि गेटवेचे 40 गेले, वर परतीच्या कुरिअरचे 100. हे सगळं धरलं तर 100 ऑर्डरींमागे 7,904 उरतात, म्हणजे ऑर्डरीमागे 79. महिन्याच्या 300 ऑर्डरींवर 23,700 च्या आसपास, आणि त्यातच तिघांचा पगार नि जागेचं भाडं.

आणि 15 मधले 9 लाख जाहिरातीत घालणार! उलट परती 14 वरून 6 वर आणल्या, तर जाहिरात न वाढवताच ऑर्डरीमागे 196 उरतात.

परती होतात त्या माझ्या अंदाजाने बहुतेक मापामुळे. दोन बुबुळांमधलं अंतर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सहसा नसतं. कॅमेऱ्याचा अंदाज दोन-तीन मिलिमीटर चुकला की डोकं धरतं. चाळिशीनंतरच्या प्रोग्रेसिव्ह काचांना (दूरचा नि जवळचा नंबर एकाच काचेत) तर बुबुळ फ्रेममध्ये किती उंचीवर येतं तेही माप लागतं. मी स्वतः एकदा तसला चष्मा ऑनलाइन मागवला होता. जिना उतरताना पायरी पुढे सरकायची. तिसऱ्या दिवशी परत केला.

मोठ्यांनीही हाच धडा घेतला. अमेरिकेतली वॉर्बी पार्कर 2010 मध्ये चार विद्यार्थ्यांनी काढली. पाच फ्रेम घरी पाठवायच्या, लावून बघा, परत करा आणि आवडेल ती मागवा, अशी तिची कल्पना होती. तरी 2013 पासून तिने दुकानं थाटली, आणि 2021 मध्ये शेअर बाजारात आली तेव्हाही तोट्यातच होती. आपल्याकडची लेन्सकार्टही ऑनलाइनच सुरू झाली, आज गल्लोगल्ली दिसते. पोरांनी दुकान काढायची गरज नाही. गावोगावच्या चष्मेवाल्यांशी माप घेण्यापुरता करार करावा, आणि तोवर प्रोग्रेसिव्ह विकणं थांबवावं.

आता तुमचं. 26 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी धरले तर महिन्याला साधारण 17,800 पडतात. 15 लाख दिलेत तर 7,500. तेवढ्यात सांगलीतही भागणार नाही. 4 लाख दिलेत तर 15,000 राहतात. माझ्या मते हीच तुमची मर्यादा, तीही ते बुडाले तरी चालतील असं धरून.

द्यायचे ते कर्ज म्हणून, चेकने किंवा बँक ट्रान्सफरने, व्याज आणि हप्ते लिहून. संचालकाची आई म्हणून कंपनीला कर्ज देताना तुम्हाला लेखी द्यावं लागतं की हे पैसे दुसरीकडून उसने आणलेले नाहीत. घर तारण ठेवलंत तर हे लिहून देताच येणार नाही. पोरांना हे ठाऊक नसावं. बाकीच्यासाठी त्यांनी मुद्रा कर्जासाठी बँकेत जावं. 'तरुण' गटात 10 लाखांपर्यंत विनातारण मिळतं. बँकेचा अधिकारी आईपेक्षा जास्त प्रश्न विचारेल, तेही बरंच.

चेक लिहिण्याआधी गेल्या तीन महिन्यांच्या परतींची यादी मागा, कारणासकट. 'फ्रेम आवडली नाही' आणि 'डोकं दुखतं' हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहून आणायला सांगा.