घरी सर्व्हिसिंग केलं आणि गाडी थरथरायला लागली

प्रश्न : माझी चार सिलिंडरची, मॅन्युअल गिअरची पेट्रोल गाडी आहे. एक लाख किलोमीटर होत आले म्हणून सुट्टीच्या दिवशी घरीच काम काढलं. एअर फिल्टर बदलला, चारही स्पार्क प्लग नवे टाकले. इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी थ्रॉटल बॉडी आतून काळी झाली होती, ती सोडवून साफ केली आणि परत बसवली. काम चालू असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली होती. त्याआधी गाडीची एकही तक्रार नव्हती. आता सुरू लगेच होते, पण उभी असताना आरपीएमचा काटा ६०० ते ११०० मध्ये वरखाली होत राहतो. मधूनच इंजिन गचका देतं. सिग्नलला थांबताना क्लच दाबला की कधी कधी बंदच पडते. पळताना ठीक वाटते. बोनेट उघडलं की कुठूनतरी बारीक ‘सूं’ आवाज येतो. दुसऱ्या दिवशी चेक इंजिनचा दिवाही लागला. एका मेकॅनिकने बोनेट न उघडताच थ्रॉटल बॉडी गेली, नवी टाका असं सांगितलं. टाकू का? की आधी प्लगला वीज देणारी कॉइल बदलून बघू?

उत्तर : आत्ता काहीच विकत घेऊ नका. गाडी काम काढण्याआधी चांगली चालत होती, म्हणजे ज्या भागांना तुमचा हात लागला नाही ते जवळपास निर्दोष आहेत. बिघाड तुम्ही उघडलेल्या चार ठिकाणांपैकी कुठेतरी आहे आणि तो बहुतेक विनाखर्च निघेल. नवी थ्रॉटल बॉडी त्याच जुन्या गॅस्केटवर बसवलीत तर खर्च होईल आणि काटा तसाच नाचत राहील. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्या आठवड्यात मी हेच सांगते, की काम केल्यावर आलेला बिघाड शोधायचा तर केलेलं काम उलट्या क्रमाने तपासत जायचं.

तुमच्या पत्रात दोन लक्षणं एकत्र आली आहेत, ती वेगळी करायला हवीत. काटा एका लयीत वर जातो आणि खाली येतो, हा बहुतेक वेळा हवेचा प्रश्न असतो. काटा जवळपास स्थिर आणि मध्येच गचका, म्हणजे एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय, त्यातलं मिश्रण अधूनमधून पेटत नाही. त्याचं कारण बहुधा प्लग किंवा कॉइलच्या बाजूला सापडतं. तुमच्याकडे दोन्ही आहे असं दिसतं. दोन्हीचं मूळ एकच असू शकतं, कारण हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की मिश्रण नीट पेटत नाही. म्हणून आधी हवा, मग प्लग.

त्याआधी स्कॅनर लावा. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर पुरतो. कोड लिहून घ्या आणि लगेच पुसू नका. कोडसोबत त्या क्षणाची नोंदही साठवलेली असते, म्हणजे इंजिन किती तापलं होतं, आरपीएम किती होते, गाडी उभी होती की पळत होती. पुसलं की तीही जाते. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे शेवटच्या आकड्याचा सिलिंडर मिसिंग मारतोय. पी०३०० म्हणजे कोणता एक सांगता येत नाही. एक मात्र पाळाच : चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. त्या दुरुस्तीपुढे बाकी सगळं किरकोळ आहे.

कोडपेक्षाही मला फ्युएल ट्रिमचा आकडा जास्त उपयोगी वाटतो. पेट्रोल किती वाढवावं किंवा कमी करावं लागतंय हे इंजिनचा कॉम्प्युटर त्यात टक्क्यांनी सांगतो. गरम इंजिनवर शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (शिकून साठवलेला) यांची बेरीज साधारण अधिक-उणे ५ ते १० च्या आत असावी. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, ती +२० आणि २५०० आरपीएमवर धरल्यावर +३ किंवा +४ येत असेल, तर कुठूनतरी मोजणीत न आलेली हवा आत शिरतेय, हे जवळपास नक्की. आयडलला थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते. इंजिनला लागते ती हवा थोडीच, आणि मॅनिफोल्डमधली, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांमधली, ओढ मात्र जबरदस्त असते. अशा वेळी करंगळीएवढ्या पाइपातून येणारी चोरटी हवाही मोठा वाटा उचलते. रेस दिली की खरी हवाच इतकी येते की तेवढीच गळती त्यात हरवून जाते. पळताना गाडी तुम्हाला ठीक वाटते ती यामुळे.

काही गाड्यांमध्ये हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर नसतो, मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हिशेब होतो. तिथे गळतीची हवाही हिशेबात धरली जाते, म्हणून मिश्रण पातळ न होता आयडल चढतं. अॅक्सिलरेटरच्या पॅडलवर पाय नाही आणि आरपीएम चढलेत हे पाहून कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, आरपीएम पडले की परत सोडतो, ते पुन्हा चढतात. हे चक्र चालू राहिलं की काटा तुमच्यासारखा नाचतो. त्यामुळे ट्रिम चांगला दिसला तरी गळती नाही असं समजू नका.

आता तो ‘सूं’ आवाज. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती हीच आहे. थ्रॉटलच्या अलीकडच्या भागात, म्हणजे फिल्टरचा डबा आणि रबरी बेलोजमध्ये, आयडलला फारशी ओढ नसते, त्यामुळे तिथली फट सहसा अशी वाजत नाही. आवाज येतोय म्हणजे गळती बहुधा थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डच्या बाजूला आहे. तुम्ही थ्रॉटल बॉडी सोडवली होती, म्हणजे तिच्या मागचं गॅस्केट उघडं पडलं. ते नवं घातलं का, हे पत्रात नाही. बऱ्याच गाड्यांत ते खाचेत बसणारं रबरी रिंग असतं. लाखभर किलोमीटर दाबून राहिलेलं रबर चपटं आणि कडक होतं, पुन्हा तितकं फुलत नाही. शिवाय बॉडी उभी धरून बसवताना रिंगचा वरचा भाग खाचेतून निसटतो आणि दोन धातूंमध्ये चिमटला जातो. चारही बोल्ट घट्ट लागतात, बाहेरून सगळं व्यवस्थित दिसतं. बॉडी परत काढा आणि रिंग उजेडात फिरवून बघा. एका जागी चकचकीत, चिरडलेली कड दिसली तर बिघाड सापडला. रिंग नवीच घाला, खाच कोरड्या फडक्याने पुसा आणि बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा.

रिंग चांगली निघाली तर त्याच परिसरातल्या नळ्या बघा. व्हॉल्व्ह कव्हरवरून मॅनिफोल्डला जाणारी पीसीव्हीची नळी (इंजिनातल्या वाफा परत ओढून घेणारी), पेट्रोलच्या वाफेची पर्ज नळी, ब्रेक बूस्टरची जाड नळी. काम करताना त्या बाजूला ओढल्या जातात आणि जुनी नळी वळणाच्या खालच्या अंगाला चिरते, जिथे डोळा पोहोचत नाही. आरसा आणि टॉर्च घ्या, बोट फिरवा. इंजिन चालू ठेवून कापड गुंडाळलेल्या पक्कडीने एकेक नळी हलकेच दाबा. एखादी दाबताच आयडल ठळकपणे सुधारलं तर तिच्या मागे लागा. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक नीट बसलेत ना, तेही पाहा. काही इंजिनांत तेवढ्यानेही आयडल बिघडतं. ब्रेक बूस्टरसाठी सोपी परीक्षा आहे : इंजिन बंद, ब्रेक पॅडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा, मग पाय दाबून धरून सुरू करा. पॅडल किंचित खाली गेलं पाहिजे.

गळती शोधायला तापलेल्या इंजिनवर कार्ब क्लीनर फवारण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. कृपा करून करू नका. तो ज्वालाग्राही असतो आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो. हाताने सापडलं नाही तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या, धूर जिथून निघेल तिथे फट. आणि ही सगळी तपासणी मोकळ्या हवेत, हँडब्रेक ओढून, गाडी न्यूट्रलला ठेवून करा. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस पट्ट्याजवळ नकोत. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

फिल्टरच्या डब्याकडे थोडा वेळ पुरेल. झाकणाच्या सगळ्या क्लिपा लागल्यात का, मास एअरफ्लो सेन्सर असल्यास त्याच्या वायरचा प्लग टिक्क आवाज करून बसलाय का, बेलोजची कड आत दुमडली नाही ना. सेन्सरच्या तारेला बोट किंवा कापड लावू नका, साफ करायचाच तर त्याच्यासाठीचाच स्प्रे वापरा.

मग प्लग. कोडमध्ये समजा दोन नंबरचा सिलिंडर आला, तर इंजिन बंद करून दोनची कॉइल तीनला आणि तीनची दोनला लावा, गाडी चालवा, पुन्हा कोड वाचा. बिघाड तीनवर गेला तर कॉइल दोषी. दोनवरच राहिला तर प्लग तसेच अदलून बघा. चालू इंजिनची कॉइल उपसून ‘फरक पडतो का’ बघण्याची जुनी सवय सोडा, त्यात शॉकही बसतो आणि कॉइलही जाते.

प्लग बाहेर काढाल तेव्हा पांढरी चिनी माती नीट न्याहाळा. सॉकेट तिरका झाला की तिला केसाएवढी चीर जाते. चिरेवरून ठिणगी बाहेरच्या बाहेर इंजिनच्या धातूत उतरते आणि पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी उभी रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर तो प्लग टाकून द्या, आणि कॉइलच्या रबरी बुटाच्या आतही तशीच रेघ आहे का बघा. असेल तर बूटही बदला, नाहीतर नव्या प्लगवर तीच वाट पुन्हा तयार होते. फटीचं माप गाडीच्या पुस्तकातलं धरा. बहुतेक आधुनिक पेट्रोल गाड्यांत ते ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतं. इरिडियमचा प्लग असेल तर त्याच्या बारीक टोकावर गेज दाबून फट वाढवू नका, टोक तुटतं. प्लग थंड इंजिनवर आधी हातानेच फिरवत न्या, आटे चुकीचे धरले की लगेच जाणवतं. नंतर टॉर्क रेंचने पुस्तकातल्या मापाला आवळा. सैल राहिला तर कॉम्प्रेशन गळतं, जास्त आवळला तर अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात.

सर्वांत शेवटी आयडल शिकवणं. हे मुद्दाम शेवटी सांगते, कारण बरेच जण इथूनच सुरुवात करतात. थ्रॉटलवर काजळी साचत गेली तशी कॉम्प्युटरने चकती थोडी जास्त उघडी ठेवायची सवय लावून घेतली होती. तुम्ही काजळी काढलीत आणि बॅटरीची वायर काढल्यामुळे बहुतेक गाड्यांत ती शिकवणही पुसली जाते. नव्याने शिकताना आयडल थोडं डगमगतं, ते नैसर्गिक आहे. पण गळती असताना शिकवलंत तर तो गळतीसकटचा हिशेब शिकेल. गळती बंद झाल्यावर कोड पुसा आणि पुस्तकात दिलेली पद्धत वापरा. अनेक गाड्यांत एसी, दिवे, काच-हीटर बंद ठेवून, अॅक्सिलरेटरला पाय न लावता, इंजिन गरम होऊन पंखा एकदा फिरेपर्यंत चालू ठेवायचं, मग एसी लावून काही मिनिटं, एवढं पुरतं. काहींना स्कॅनरमधूनच आदेश द्यावा लागतो. चावी ऑन असताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती बोटाने ढकलू नका, आतले प्लास्टिकचे दाते मोडू शकतात.

इतकं करून गरम इंजिन ६५० ते ८५० च्या आसपास, म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या आकड्यावर, स्थिर राहिलं आणि ट्रिम खाली आला, की काम झालं. नाही झालं, तर बोनेट न उघडता निदान सांगणाऱ्याकडे न जाता, स्मोक टेस्ट करून देणाऱ्याकडे जा. लिहून ठेवलेले कोड आणि ट्रिमचे आकडे सोबत न्या, त्याचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसे.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन माउंटिंग मी स्वतः बदललं. आता ‘डी’मध्ये ब्रेक दाबून उभी राहिले की स्टिअरिंग आणि सीट थरथरतात, ‘एन’मध्ये टाकली की थांबतं. काटा अजिबात हलत नाही, कोड नाही. इंजिन खराब झालं का?

उत्तर : नाही. काटा स्थिर आहे आणि कोड नाही, म्हणजे इंजिन बहुतेक ठीक चाललंय, त्याची थरथर बॉडीपर्यंत पोहोचतेय एवढंच. ‘डी’मध्ये इंजिनवर भार येतो आणि ते एका बाजूला झुकतं, म्हणून तिथे जास्त जाणवतं. बहुधा माउंटिंग पिळलेल्या अवस्थेत आवळलं गेलंय. खालून जॅक आणि लाकडी ठोकळ्याचा आधार देऊन माउंटिंगचे बोल्ट ढिले करा, इंजिन आपल्या वजनाने जागेवर बसू द्या आणि मगच पुस्तकातल्या टॉर्कला आवळा. जुनं माउंटिंग आत तेल भरलेलं होतं आणि नवं नुसत्या रबराचं आणलं असेल तर मात्र आवळून उपयोग नाही, मूळ प्रकारचंच घ्यावं लागेल. सायलेन्सरचा पाइप किंवा एखादा ब्रॅकेट बॉडीला टेकलाय का, हेही खाली वाकून पाहा. टेकलेल्या जागी धातू घासून चकाकतो.