नोकरी करणाऱ्या बापाने दर महिन्याला घरादाराचं लिहून ठेवावं का? काय लिहावं?

तुमचा मुलगा चार वर्षांचा, नोकरी बाहेरगावी. दर महिन्याच्या शेवटी घर, काम आणि आपलं लिखाण या तिघांचा वेगवेगळा आढावा लिहायचं तुमच्या मनात आहे. मित्र याला रिकामटेकडेपणा म्हणतात, आणि घरातलं कागदावर नको असं बायको म्हणते. मित्रांचं सोडून द्या, त्यांना पगार झाला तरी तो कुठे गेला ते सांगता येत नसेल. बायकोच्या म्हणण्याकडे मात्र शेवटी येतो, ते इतकं उडवून लावण्यासारखं नाही.

लिहा. फक्त तीन रकाने पाडू नका. एका पानावर नोकरी आणि दुसऱ्या पानावर पोरगं असं केलंत की दोन्ही पानं खोटी होतात. घरात मनासारखं का झालं नाही याचं कारण बहुतेक वेळा कामाच्या पानावर असतं, आणि उलटही. लिखाणाबद्दल तर लिहूच नका. काट्यावर काटाच ठेवून तोलण्यातला प्रकार आहे तो.

काटा सुचला कारण मी एरंडोलकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर बसतो. भरलेली गाडी तोलायची, खाली झाली की परत तोलायची, पावती फाडायची. दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत हंगाम, मग गेटवर कुत्रंही फिरकत नाही. शेती वडिलोपार्जित, ती थोरले भाऊ बघतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. घर एकच, चूल एकच. मी वही लिहायला लागलो ते थोरली मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हापासून, आणि दादांचं तेव्हापासूनचं अहिराणीतलं वाक्य ठरलेलं: "लिखीसन काय भाव वाढस का?"

भाव वाढत नाही, कबूल. पण २०२२ सालचं सांगतो, म्हणजे वहीचा उपयोग काय ते कळेल.

त्याच्या आदल्या हंगामात कापसाने कधी नव्हे तो भाव खाल्ला होता. क्विंटलला १०,००० च्या वर गेला. ज्यांनी दिवाळीला विकला ते कपाळावर हात मारून बसले, आणि ज्यांनी घरात ठेवला ते गावात शहाणे ठरले. आम्ही दिवाळीला विकणाऱ्यांतले. त्यामुळे २०२२ च्या दिवाळीनंतर अख्ख्या खान्देशात एकच हवा, थांबायचं. नोव्हेंबरात भाव ९,००० च्या आसपास होता आणि हमीभाव लांब धाग्याला ६,३८०. म्हणजे मिळत होता तो काही कमी नव्हता. पण एकदा १०,००० बघितलेल्या माणसाला ९,००० लुबाडणूक वाटते.

मला काट्यावरून दिसत होतं की आवक नेहमीच्या मानाने फार कमी आहे. गावोगाव माल दाबून ठेवलाय. आणि तरीही आमच्या मालकांना घाई नव्हती, कारण बांधलेल्या गाठींना गिरण्यांकडून उठाव नव्हता. एक गाठ म्हणजे १७० किलो रुई (सरकी काढलेला कापूस), ती पडून राहिली की तिच्यात अडकलेला पैसाही पडून राहतो. शेतकरी थांबलाय म्हणून भाव चढेल हे गणित गिऱ्हाईक असेल तेव्हाच चालतं. हे मी जेवताना सांगितलं. निम्मा तरी काढू म्हटलं. दादा म्हणाले, मागच्या साली घाई करणारे रडले, यंदा संक्रांत जाऊ दे. त्याच आठवड्यात मी वहीत हे जसंच्या तसं लिहिलं, कारण त्याच पानावर आणखी एक गोष्ट होती. मधली खोली कापसाने भरल्यामुळे पोरींची अंथरुणं स्वयंपाकघरात गेली होती, आणि धाकटी रात्री मिक्सरच्या डब्याला घाबरत होती.

ज्यांच्या घरात कापूस कधी राहिला नसेल त्यांना सांगतो, तो गोण्यांत शिस्तीत बसलेला नसतो. मोकळा, आढ्यापर्यंत. पोरांना पहिले पंधरा दिवस स्वर्ग. उड्या मारायच्या, खड्डे करून आत बसायचं. मग घसा खवखवायला लागतो. मग अंगावर उठतं. धाकटीच्या मानेवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला लाल पुरळ आलं, रात्री झोपेत खाजवून रक्त काढायची. तिची आई तिच्या हातात मोजे घालून झोपवायची. डॉक्टरने तपासायच्या आधीच विचारलं, घरात कापूस आहे का? त्या दिवसांत त्याच्याकडे येणारी निम्मी माणसं याच तक्रारीची होती. मलम दिलं आणि म्हणाला, मलमाने काही होणार नाही, कापूस काढा. घरी येऊन सांगितलं तर दादा म्हणाले, भाव नाही.

हे फेब्रुवारीच्या पानावर आहे. "डॉक्टर: कापूस काढा. दादा: भाव नाही." एवढंच. मी काही रडगाणं लिहिलेलं नाही. नुसती हिशेबाची वही असती तर भाव राहिला असता, पुरळ राहिलं नसतं. नुसती पोरांच्या आठवणींची वही असती तर पुरळ आलं एवढंच कळलं असतं, ते का गेलं नाही ते कळलं नसतं. म्हणून म्हणतो, रकाने पाडू नका.

शेवटी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर खेडा खरेदीवाला, म्हणजे गावोगाव फिरून माल घेणारा व्यापारी, दारात आला आणि साडेसात हजारांच्या जरा वर माल गेला. वाळून वजनात घट आली ती वेगळीच. आमच्यानंतर जे थांबले त्यांना त्याहून कमी मिळाले.

आखाजीला बहिणी माहेरी आल्या होत्या. एक मेहुणेही सोडायला म्हणून आलेले राहिले होते. सांजोऱ्या झाल्या, आमरस झाला, आणि कुणीतरी कापसाचा विषय काढला. दादांनी माझ्याकडे बोट केलं: "हाऊ जिनिंगवर बसस, याले आतलं समजस. यानीच सांगं, थांबा म्हनीसन."

मी उठलो, फडताळातून वही काढली आणि नोव्हेंबरचं पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. आई म्हणाली, "आखाजीले तरी भांडू नका रे." मी फेब्रुवारीचंही वाचलं. दादा थोड्या वेळाने म्हणाले, बहिणाबाईला कुठे लिहिता येत होतं, सगळं तोंडात होतं, तरी जगाला कळलंच ना? हे त्यांचं नेहमीचं. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात कुणी वादात हरायला लागला की बहिणाबाईंना मध्ये आणतो. तर त्याचंही उत्तर देऊन टाकतो, तेव्हा राहून गेलं होतं. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने कागदावर उतरवून ठेवल्या होत्या. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ साली. ते कागद नसते तर काय छापणार होते? तोंडातलं तोंडाबरोबर जातं, दादा.

असो. तुम्ही काय लिहावं, ते राहिलं. महिन्याच्या शेवटी लिहू नका, तेव्हा खिसा रिकामा आणि डोकं तापलेलं असतं. पगार होऊन किराणा आणि दूधवाल्याचे चुकते झाले की त्या आठवड्यात बसा. कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहा, घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत. "मला वाईट वाटलं" वगैरे गाळा, का वाटलं ते लिहा म्हणजे भागतं. जिन्नसांचे भाव टाका, ते पुढे फार कामी येतात. "पुढच्या महिन्यापासून मुलाला वेळ देणार" असलं काही लिहाल तर पान फाडा. पोराला वेळ द्यायचा असेल तर रविवारी त्याला घेऊन बाजारात जा, वहीत आश्वासनं कशाला? आणि एखादा महिना कोरा गेला तर जाऊ द्या. आमच्याकडे हंगामात डिसेंबर नेहमीच दोन ओळींचा असतो.

आता तुमच्या बायकोचं. माझी बायको त्या आखाजीच्या रात्री म्हणाली होती, "तुम्ही लिहिता, की पुरावे गोळा करता?" मी म्हटलं, दोन्ही. तिला ते आवडलं नाही, आणि मेहुण्यांसमोर वाचायला नको होतं असं ती आजही म्हणते. मला तसं वाटत नाही, खोटं मेहुण्यांसमोरच बोललं गेलं होतं. पण तुम्ही माझ्यावर जाऊ नका. तुमचं घर वेगळं, भाऊ वेगळे असतील. तिला सरळ विचारा की काय लिहिलेलं चालणार नाही. आमच्याकडे तिच्या माहेरचं आणि तिच्या दुखण्याखुपण्याचं वहीत येत नाही, हे ठरलंय आणि ते मी पाळतो. वही कुलपात ठेवू नका, कुलूप दिसलं की संशय येतो. फडताळात पंचांगाशेजारी ठेवा, कुणी वाचत नाही. पोरगं वाचायला लागलं की मात्र जागा बदला, माझी थोरली आता वाचते आणि कडेला पेन्सिलीने दुरुस्त्या करते.

आणि शेती स्वतःची असेल तर कापूस कधी विकायचा हे माझ्या उत्तरावरून ठरवू नका. एका सालाने काही सिद्ध होत नाही, आदल्या साली थांबणारेच जिंकले होते. दादांना हे उत्तर पुतण्या वाचून दाखवील, म्हणून त्यांच्यासाठी एवढंच: नोव्हेंबरचं पान जागेवर आहे, कधीही या.