ईयोबाची मुलं दुप्पट का झाली नाहीत?

हिब्रू धर्मग्रंथांतल्या, म्हणजे ख्रिस्ती मंडळी ज्याला ‘जुना करार’ म्हणतात त्यातल्या, देवाच्या न्यायाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : ईयोबाच्या गोष्टीत देव सैतानाशी जणू पैज लावतो, निर्दोष माणसाची दहा मुलं मरतात आणि शेवटी त्याला सगळं दुप्पट मिळतं. याला न्याय म्हणायचं का? (दादर)

उत्तर : नाही. पुस्तकही तसं म्हणत नाही. आकडे पाहा : सुरुवातीला ७,००० मेंढरं, ३,००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या आणि ५०० गाढवी; शेवटी १४,०००, ६,०००, १,००० आणि १,०००. मुलं मात्र आधी सात मुलगे-तीन मुली, आणि नंतरही तेवढीच. गुरांची भरपाई करता येते, लेकरांची नाही. शिवाय ४२:११ मध्ये (अध्याय ४२, ओळ ११) नातलग त्याचं सांत्वन करायला येतात, तेव्हा ही विपत्ती परमेश्वराने आणली होती असं निवेदक उघडपणे सांगतो. २:३ मध्ये तर देव स्वतःच कबूल करतो, की ईयोबाचा नाश ‘विनाकारण’ करायला मला चिथावलं गेलं.

चिथावणारा ‘सैतान’ इथे अजून देवाचा शत्रू झालेला नाही. हिब्रूत ‘हा-सातान’ आहे. ‘हा’ हे (इंग्रजी ‘the’सारखं) उपपद लागलं म्हणजे ते विशेषनाम उरत नाही. देवाच्या दरबारातला आरोप करणारा, फार तर सरकारी वकील म्हणा. त्यामुळे सगळा दोष त्याच्यावर ढकलून मोकळं होता येत नाही.

वाचताना घोटाळा होतो तो एका जागी. अध्याय १-२ आणि ४२:७ पासून पुढचा भाग गद्य आहे. मधली जवळजवळ सगळी कविता, आणि तिच्यात माणसं बदलून बदलून बोलतात. कोण बोलतंय हे न पाहता ओळ उचलली की फसगत. ‘तुझा आरंभ अल्प असला तरी शेवट फार मोठा होईल’ या अर्थाचं ८:७ कॅलेंडरांवर हमखास दिसतं. ते बिल्ददचं, ईयोबाच्या सांत्वनाला आलेल्या मित्रांपैकी एकाचं, वाक्य. त्याच भाषणात तीन ओळी आधी तो पोरं गमावलेल्या बापाला सुचवतो, की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून ती गेली! या मित्रांबद्दल देवच शेवटी म्हणतो : माझ्याविषयी ते नीट बोलले नाहीत, ईयोब नीट बोलला. आणि ईयोबाने तर देवावरच फिर्याद केली होती.

वेळ कमी असेल तर अध्याय १ ते १४, मग २९ ते ३१, मग ३८ ते ४२ वाचा. ३१:३५ मध्ये ईयोब लेखी आरोपपत्र मागतो. ते त्याला शेवटपर्यंत मिळत नाही.

प्रश्न : निर्गम २०:५ प्रमाणे बापाच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. यहेज्केल १८ मध्ये मात्र ज्याचं पाप त्यालाच शिक्षा. खरं कोणतं? (भायखळा)

उत्तर : दोन्ही वचनं ग्रंथात आहेत, आणि ती जुळवायची खटपट करू नये. यहेज्केल हा संदेष्टा बाबिलोनमधल्या यहुदी बंदिवानांशी बोलत होता. त्यांच्यात म्हण चालली होती : बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली, दात मुलांचे आंबले. ही म्हण पुन्हा वापरायची नाही, असं तो बजावतो. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) चर्चांच्या संग्रहात, (मक्कोत २४अ) तर स्पष्ट म्हटलंय, की मोशेने एक ठरवलं आणि यहेज्केलने येऊन ते रद्द केलं. बापासाठी मुलाला किंवा मुलासाठी बापाला मारू नये, असं सांगणारं ‘अनुवाद’ या पुस्तकातलं २४:१६ या वादात ओढू नका. ते माणसांच्या न्यायालयांसाठी आहे.

प्रश्न : आमच्या मशीद बंदरच्या जुन्या सिनगॉगचं (यहुदी प्रार्थनास्थळाचं) नाव ‘दयेचं द्वार’. मग त्याच देवाने १ शमुवेल १५ मध्ये अमालेक या शत्रू जमातीची तान्ही मुलंही मारायला का सांगितलं? (मशीद बंदर)

उत्तर : १७९६ सालच्या त्या ‘शाआर हारहामीम’मधला ‘रहामीम’ आणि ‘रेहेम’, म्हणजे गर्भाशय, यांचं मूळ एकच. म्हणून तुमचा प्रश्न जास्तच बोचतो. त्या काळी युद्धं तशीच होत, अमालेक फार दुष्ट होते, हे प्रत्यक्षात घडलंच नसेल, ही तीन उत्तरं नेहमी दिली जातात. एकानेही आज्ञेतलं तान्हं बाळ पुसलं जात नाही.

ही आज्ञा इस्राएलचा राजा शौल याला होती. त्याने ती मोडली, पण दयेपोटी नव्हे. त्याने अमालेकांचा राजा अगाग आणि धष्टपुष्ट गुरं तेवढी राखली. पण तालमूदमधल्या रब्बींनी (योमा २२ब) तुमचाच प्रश्न त्याच्या तोंडी घातला : मोठ्यांनी पाप केलं, लहानांनी काय केलं? त्यावर आकाशवाणी होते, ‘फाजील नीतिमान होऊ नकोस’. प्रश्नाचं कारण ती देत नाही. पुढे तोच शौल नोब या गावचे याजक (पुरोहित) मारायला निघतो, तेव्हा वाणी म्हणते, ‘फाजील दुष्ट होऊ नकोस’. त्या दिवशी ८५ याजक मारले गेले, आणि नोबची तान्ही मुलंही.